पाटीवरचा टन आणि विहिरीतला टन

होळी झाली की आपल्या भागात दोन आवाज सुरू होतात. एक लग्नाच्या बँडचा, दुसरा विहिरीवरच्या यारीचा. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असते, हातात थोडाफार पैसा असतो आणि मृगाला अडीच-तीन महिने असतात. तेवढ्या दिवसांत विहीर आठ-दहा फूट खाली न्यायची, म्हणजे बोंडे भरताना कापसाला एक पाणी आणि पोटरीत असताना रब्बी ज्वारीला एक पाणी मिळेल, एवढाच कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेब. हा हिशेब बरोबर आहे. त्या एका पाण्याने पिकात काय फरक पडतो हे आम्ही इथे सांगत बसत नाही. तुम्हाला ते आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आज बोलायचे आहे ते यारीबद्दल. पूर्वी यारी म्हटली की डिझेल इंजिन. आता डिझेल परवडत नाही आणि विजेची मोटर घरात असतेच, म्हणून पुष्कळ गावांत मळणीयंत्राची पाच एचपीची मोटर काढून यारीला जोडतात. लहान विहिरीवर बाजारात मिळणारी सिंगल फेजची छोटी होइस्ट टांगतात. यंत्र चांगले आहे, आमचा त्याला विरोध नाही. पण बैठकीत प्रश्न येतो तो एकच : किती टनाची घ्यावी? दुकानदार सांगतो एक टनाची घ्या. ठेकेदार सांगतो माझी दीड टनाची आहे. आणि शेतकरी त्या आकड्यावर विश्वास ठेवून बादली शिगोशीग भरतो. शेतकरी भावांनो, हा प्रश्नच अपुरा आहे. टन किती हे विचारण्याआधी कोणत्या दाबाला, ड्रमच्या कितव्या थरावर, दहा मिनिटांतली किती मिनिटे आणि किती उन्हात, हे विचारायला हवे. ते न विचारल्याची किंमत कधी जळालेल्या मोटरच्या रूपाने आपण देतो, आणि कधी विहिरीच्या तळाशी उभा असलेला माणूस देतो.

बैलाची मर्यादा आपल्याला कळते. चांगली बैलजोडी दिवसभर ओढते ती तिच्या अंगच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या जोराने. आठशे किलोची जोडी म्हणजे ऐंशी किलोचा जोर. पण चिखलात फसलेली गाडी काढायची असेल तर तीच जोडी चार क्षण याच्या दुप्पट-तिप्पट जोर लावते. म्हणून कोणी बाजारात 'अडीचशे किलोची जोडी' म्हणून ओरडत नाही आणि ओरडलाच तर आपण हसतो. मोटरचेही असेच आहे. पूर्ण दाब मिळाला तर ती क्षणभर आपल्या नेहमीच्या जोराच्या दुप्पट, कधी त्याहून थोडा जास्तही जोर देते. दुकानासमोर वजन टांगून दाखवतात ते या क्षणभराच्या जोरावर. फरक एवढाच की बैल दमला की बसतो. मोटर बसत नाही. ती तितकाच विद्युतप्रवाह, नव्हे अधिकच, ओढत राहते आणि आतून भाजत जाते.

आता कागद-पेन्सिल काढा. एक एचपी म्हणजे ७६ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद. तीन एचपी म्हणजे २२८. बेल्ट, गिअर, कप्पी यांत तीस टक्के तरी जातात. दोराला पोचतात साधारण १६०. म्हणजे तीन एचपीची यारी चारशे किलो वजन सेकंदाला ०.४ मीटर, म्हणजे मिनिटाला चोवीस मीटर वेगाने उचलील. ठीक आहे, कामाचा वेग आहे. पण कोणी सांगितले की तीन एचपीची मोटर एक टन मिनिटाला तीस मीटरने वर आणते, तर त्याला शांतपणे विचारा, बाकीची ताकद कुठून आणलीस? त्याला मोटरपाशी नऊ एचपीच्या वर लागते. गिअर बदलून टनभर वजन उचलता येईल, नाही असे नाही, पण मग वेग निम्म्याहून खाली येतो. ताकद आणि वेग दोन्ही एकदम वाढवून देणारा गिअर अजून कोणी केलेला नाही.

ही झाली पूर्ण दाबाची गोष्ट. पाटीवर ४१५ व्होल्ट लिहिलेले असते. आपल्या मोटरला ४१५ व्होल्ट कधी मिळतात? रात्री दोन वाजता मिळत असतील. दिवसा, डीपीवरचे सगळे पंप सुरू असताना, शेवटच्या खांबावर ३४० दिसले तरी पुष्कळ. त्यात विहीर खांबापासून तीनशे मीटर आणि मधली ॲल्युमिनियमची केबल चार स्क्वेअर एमएमची. पाच एचपीची मोटर पूर्ण भारावर चालताना साडेसात ॲम्पिअर घेते, आणि एवढ्यावरच त्या केबलमध्ये साधारण पंचवीस व्होल्ट जातात. सुरू होताना मोटर पाच-सहा पट ॲम्पिअर घेते, तेव्हा किती जात असतील ते वेगळेच. म्हणजे चालत्या मोटरच्या टोकाशी राहिले ३१५.

तुम्ही म्हणाल, ४१५ चे ३१५ झाले, म्हणजे पाव भाग गेला, ताकदही पावने कमी होईल. खरी मेख इथे आहे. मोटरचा पिळण्याचा जोर दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. ३१५ ला ४१५ ने भागा : ०.७६. त्याला त्यानेच गुणा : ०.५८. दाब पावने उतरला, जोर चार दशांशांहून अधिक गेला. दाब ३०० वर आला तर जोर राहतो जेमतेम निम्मा. दुकानदाराच्या तोंडून हा वर्ग तुम्ही कधी ऐकला आहे काय? पंपावर याचे एवढे जाणवत नाही, कारण पंप रिकामा सुरू होतो आणि हळूहळू भार घेतो. यारीला पहिल्या झटक्यालाच भरलेली बादली उचलायची असते.

आणि सुरू झाली तरी सुटका नाही. तेवढेच वजन कमी दाबावर उचलायचे म्हणजे मोटर जास्त ॲम्पिअर ओढते. ३१५ व्होल्टवर साधारण १.३ पट. तारेतली उष्णता ॲम्पिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे १.७ पट. त्यात पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेले असते की हे आकडे ४० अंश हवेचे आहेत. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारची हवा ४५ च्या वर जाते आणि यारीची मोटर पत्र्याच्या डब्याखाली उन्हात ठेवलेली असते. वायंडिंगवरचे वेष्टण त्याच्या सहनशक्तीच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मे आयुष्य गमावते. 'मोटरच खराब निघाली' असे आपण म्हणतो. बऱ्याचदा मोटर खराब नसते, दाब खराब असतो आणि वेळ दुपारची असते.

दुसरी गोष्ट ड्रमची. ही कोणी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आठ इंची ड्रम आहे, आठ इंच रुंद, त्यावर बारा मिलिमीटरचा वायररोप. एका थरात सोळा वेढे बसतात. पहिल्या थरात साडेदहा मीटर रोप मावतो, पुढच्या प्रत्येक थरात थोडा थोडा जास्त. चार थरांत मिळून पन्नास मीटर. आता पहिल्या थरावरचा रोप ड्रमच्या मध्यापासून १०६ मिलिमीटरवर असतो, चौथ्या थरावरचा १४२ वर. चाकाचा घेर वाढला की ओढ कमी होते, हे बैलगाडीवाल्याला सांगायला नको. तीच मोटर, तोच गिअर, पण चौथ्या थरावर ओढ राहते पहिल्या थराच्या पाऊण. पाटीवरचा टन बहुतेक वेळा पहिल्या थराचा असतो. घेताना विचारून घ्या.

गंमत अशी की बादली तळाशी असते तेव्हा ड्रम मोकळा असतो आणि यारी जोरात असते. बादली वर येते तसा रोप ड्रमवर चढतो, वेग वाढतो आणि ओढ घटते. नेमकी काठाशी, जिथे बादली थांबवून बाजूला फिरवायची, पुन्हा चार बोटे उचलायची, तिथे यारी सर्वांत अशक्त असते. काठाशी आली की मोटर कण्हते असे चालवणारे सांगतात, ते यामुळेच. आणि आपण काय करतो? पुढच्या वर्षी आणखी खोल जायचे आहे म्हणून शंभर मीटर रोप आणून सगळा ड्रमवर गुंडाळून ठेवतो. त्या जादा रोपाचा कामाला काही उपयोग नाही, तो फक्त ड्रम जाड करून यारीची ताकद खातो. बादली तळाला टेकल्यावर ड्रमवर तीन-चार वेढे उरतील एवढाच रोप ठेवा. त्याहून कमीही नको. शेवटचे वेढे घट्ट नसतील तर सगळा भार रोपाच्या अडकवलेल्या टोकावर येतो.

आता दोन्ही एकत्र धरा. पूर्ण दाबाला आणि पहिल्या थरावर जी यारी जेमतेम हजार किलो उचलून सुरू होते, ती ३१५ व्होल्टला आणि चौथ्या थरावर सुरू होईल ०.५८ गुणिले ०.७५, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे किलोला. टनाचे निम्मेही नाही. बादलीत काय असते? काळ्या पाषाणाचा अखंड घनफूट साधारण ऐंशी किलो भरतो. फोडलेला, मध्ये पोकळ्या असलेला दगड भरला तर घनफुटाला पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस किलो. दहा घनफुटांची बादली शीग लावून भरली तर पावणेपाचशे, अधिक लोखंडी बादलीचे स्वतःचे ऐंशी. साडेपाचशेच्या वर गेले. म्हणजे 'टनाची' यारी आणि 'अर्ध्या टनाची' बादली, तरी भार दुपारी अकराच्या दाबाला झेपत नाही. बादली सात घनफुटांवर थांबवली तर काम निघते. त्यासाठी रोज भांडायला नको : बादलीला त्या उंचीवर चारी बाजूंनी मोठी भोके पाडून घ्या, त्याच्या वर मलबा राहणारच नाही. तळालाही बारीक भोके हवीत. साठलेले पाणी घनफुटाला अठ्ठावीस किलो असते, आणि ते वर आणून फेकण्यासाठी वीज जाळण्यात अर्थ नाही.

छोट्या होइस्टबद्दल दोन शब्द. तिच्या पाटीवर बहुधा २५०/५०० असे लिहिलेले असते. विकणारा ५०० म्हणतो. त्याचा अर्थ असा की एकेरी दोरीने २५० आणि सोबतची कप्पी लावून दोरी दुहेरी केली तर ५००. दुहेरी केली की वेग निम्मा आणि खोलीही निम्मी. पुष्कळ होइस्टना दोरीच बारा मीटर येते, दुहेरी केल्यावर सहा. म्हणजे वीस फुटांची विहीर. साठ फुटांच्या विहिरीला हे यंत्र तसे पोचतच नाही. लांब दोरीचे घेतले तरी पाटीवर आणखी एक ओळ असते : एस ३, २० टक्के, १० मिनिटे. ती ओळ दुकानदारही वाचत नाही. तिचा अर्थ, दहा मिनिटांत मोटर फक्त दोन मिनिटे चालवायची, बाकी आठ मिनिटे तिला थंड होऊ द्यायची. मिनिटाला दहा मीटर वेगाने साठ फूट वर यायला पावणेदोन मिनिटे, खाली जायला तेवढीच, मिळून साडेतीन. वीस टक्क्यांच्या हिशेबाने एक फेरी झाली की पुढची सतरा-अठरा मिनिटांनी. तासाला तीन फेऱ्या, फेरीला निव्वळ मलबा दोनशे किलो. तासाला सहाशे.

वीस फूट घेराच्या नव्हे, वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट खाली जायचे म्हणजे ३१४ घनफूट खडक काढायचा. काळा पाषाण असेल तर पंचवीस टन. छोट्या होइस्टने, तिच्या पाटीला मान देऊन काढायचा तर एकेचाळीस-बेचाळीस तास. रोज आठ तास काम धरले तर पाच दिवसांत एक फूट. दहा फुटांना पन्नास दिवस, तेही सुरुंगाचा वेळ न धरता. मजुरी कोण देणार? म्हणून होइस्ट न थांबवता चालवली जाते आणि चौथ्या दिवशी जळते. हे यंत्र बांधकामावर विटा-सिमेंट वर नेण्यासाठी आहे. विहिरीतला गाळ काढायला, मुरुमाची चार-दोन फूट डागडुजी करायला ते चालेल. पाषाण फोडून दहा फूट खाली जाण्यासाठी ते घेऊ नका, कितीही स्वस्त असले तरी.

इथपर्यंत पैशाची गोष्ट झाली. आता माणसाची.

आपल्याकडे बादलीतून माणूस वर-खाली जातो. हे नाकारून उपयोग नाही. सकाळी उतरतो, जेवायला वर येतो, आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे काही ठिकाणी तळाशी सुरुंगाची वात पेटवून तोच माणूस बादलीत बसून वर येतो. वातीला ठरलेली मिनिटे असतात. तेवढ्यात फेज गेला तर? तीनपैकी एक फेज गेला की थांबलेली मोटर सुरूच होत नाही, नुसती गुणगुणते. वीज पूर्ण गेली तर मोटर वजन धरून ठेवत नाही; धरतो तो ब्रेक. आणि गावात जोडलेल्या यारीचा ब्रेक म्हणजे पुष्कळदा चालवणाऱ्याच्या पायाखालचा एक दांडा. विजेच्या यारीला असा ब्रेक हवा की जो वीज असेपर्यंत उघडा राहतो आणि वीज गेली की स्प्रिंगने आपोआप आवळला जातो. त्याशिवाय ड्रमला दात्यांचे चाक आणि खटका हवा. गिअर आपोआप अडकून राहतो, मागे फिरत नाही, असे ठेकेदार सांगेल. तेल मुरलेला आणि झिजलेला गिअर धक्क्याने मागे सरकू शकतो. त्याच्या भरवशावर माणूस टांगू नये.

आणखी दोन गोष्टी, ज्या पंपावर निरुपद्रवी आणि यारीवर जीवघेण्या आहेत. पहिली, ऑटोस्विच. रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून आपण तो बसवतो. पंपाची पेटी उचलून यारीला लावली की तो स्विचही बरोबर येतो. वीज गेली, लोक बादलीशी हात घालून उभे आहेत आणि वीज परत आल्याबरोबर यारी आपोआप चालू झाली तर काय होईल, ते सांगायला नको. यारीच्या स्टार्टरवर ऑटोस्विच असता कामा नये. दुसरी, उलटलेले फेज. लाइन दुरुस्त करताना दोन तारांची अदलाबदल झाली की तीन फेजची मोटर उलटी फिरते. पंपाला पाणी येत नाही म्हणून ते लगेच कळते. यारीला 'वर'चे बटण दाबले की बादली खाली जाते. म्हणून वीज परत आली की पहिली फेरी नेहमी रिकामी.

वायररोपाचा हिशेब वेगळा आहे. चांगल्या प्रतीचा नवा बारा मिलिमीटरचा रोप आठ टनांच्या आसपास तुटतो. म्हणून कोणी म्हणेल, पाचशे किलोला काय भीती? मालासाठी पाचपट आणि माणसासाठी किमान दहापट राखीव ठेवायची असते, कारण ढिला रोप एकदम ताणला गेला तर वजनाच्या दुप्पट आणि त्याहून जास्त हिसका बसतो. कारण रोप लहान कप्पीवर रोज शेकडो वेळा वाकतो. आणि कारण क्लॅम्प लावलेली जागा रोपाइतकी मजबूत नसते. क्लॅम्प तीन हवेत, आणि त्यांची खोबणीची बाजू भार घेणाऱ्या रोपावर, वाकडा बोल्ट सुट्या टोकावर. गावोगाव हे उलटे लावलेले आम्ही पाहतो. तारा तुटून काटे दिसू लागले, रोप एका जागी बारीक झाला, की तो भंगारात घाला. कुंपणाला उपयोगी पडेल.

आणि यारीचे खांब? बादली पाचशे किलोची असेल तर माथ्यावरच्या कप्पीवर भार येतो जवळजवळ हजार किलोचा, कारण एका बाजूला बादली ओढते आणि दुसऱ्या बाजूला ड्रम. हा हजार किलो काळ्या रेगुरीवर उभा असतो, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि वळवाच्या एका सरीने लोण्यासारखी होते. मोटर कितीही मोठी आणली तरी पाय सरकला की संपले. पाय मुरुमापर्यंत खोदून, खाली रुंद फरशी देऊन बसवा. वळीव पडला की दुसऱ्या दिवशी यारी नाही.

तर माणसाने उतरायचे कसे? लोखंडी शिडी किंवा पक्की दोरशिडी, विहिरीला कायम लावलेली. खर्च एका जळालेल्या मोटरच्या वायंडिंगपेक्षा जास्त नाही. सुरुंग वातीने नव्हे, वरून, परवानाधारक माणसाकडून, आणि त्या वेळी तळाशी कोणी नाही. बादली वर-खाली होत असताना तळातल्या माणसाने एका बाजूला, कपारीत उभे राहायचे. ठेका देताना या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. ठेका फुटावर असतो, म्हणून ठेकेदाराला घाई असते. घाई आपल्यालाही असते, मृग जवळ आलेला असतो. पण तळाशी उभा असलेला बहुधा गावातलाच भूमिहीन मजूर असतो. शेतकऱ्याच्या अपघातासाठी २०२३ पासून जी गोपीनाथ मुंडे सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, ती खातेदार आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो त्यात नाही. आपल्या विहिरीसाठी खाली उतरलेल्या माणसाचा वेगळा विमा उतरवल्याशिवाय काम सुरू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते काही जणांना आवडणार नाही हेही आम्हाला ठाऊक आहे.

आपल्यातही खोडी आहेत. फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालायची, ओव्हरलोड रिले पडतो म्हणून बटण काडीने दाबून बांधून ठेवायचे. रिले पडतो तेव्हा तो सांगत असतो की बादली जड आहे नाहीतर दाब कमी आहे. त्याचे तोंड बांधले की तो सांगायचा थांबतो, मोटर जळायची थांबत नाही. डीपीवर आकडे टाकणारेही आपलेच, आणि पंपाचे कॅपॅसिटर काढून ठेवणारेही आपलेच. त्याने सगळ्यांचाच दाब उतरतो.

पण याचा अर्थ असा नव्हे की दोष सगळा आपला. लघुदाबाची वीज ठरलेल्या दाबापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक वर-खाली होऊ नये, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच होते. २००३ चा वीज कायदा आला, २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, त्याच वर्षी राज्य वीज नियामक आयोगाने मानके केली आणि त्यांतही ती सहा टक्क्यांची रेघ होती. ४१५ चे सहा टक्के वजा केले की ३९० उरतात. ३९० व्होल्टला मोटरचा जोर ८८ टक्के राहतो. यारीही चालते, पंपही चालतो. म्हणजे आपण काही जास्त मागत नाही. जे विकले म्हणून बिल फाडले जाते, तेवढा माल मापात द्या, एवढेच. कापूस घेताना काट्यावर अर्धा किलो इकडेतिकडे झाला तर व्यापाऱ्याशी आपण भांडतो. विजेचा दाब मात्र कधी काट्यावर घातलेलाच नाही.

तो घालायला हवा. दाब कमी आहे असे नुसते सांगितले तर साहेब तपासून बघतो म्हणतात, आणि बघतात तेव्हा डीपीवरचे पंप बंद असतात. म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने किमान एका यारीची किंवा पंपाची नोंद आणावी. टंग टेस्टर गावातल्या वायरमनकडे किंवा मोटर भरणाऱ्याकडे असतो. दाब मोटरच्या टोकाशी मोजायचा, खांबापाशी नव्हे. आणि बादली काठाशी येत असताना मोजायचा, मोटर रिकामी फिरताना नव्हे. तिन्ही फेजमधले व्होल्ट, तिन्ही तारांतले ॲम्पिअर, मोटरच्या पाटीवरचे ॲम्पिअर, डीपीपासूनचे अंतर, केबलची जाडी, तारीख आणि वेळ. एकाच दिवशी सकाळी, दुपारी आणि रात्री अशा तीन नोंदी असल्या तर उत्तम. ॲम्पिअर पाटीपेक्षा जास्त दिसले तर बैठकीची वाट पाहू नका, त्याच दिवशी बादलीला खालच्या उंचीवर भोके पाडा.

ज्या गावात यारी चालू नाही तिथे कडबाकुट्टी किंवा पिठाच्या गिरणीच्या मोटरची नोंद चालेल. वही साधी असू द्या, सही मोजणाऱ्याची आणि शेजारच्या खातेदाराची.